मदत हवी आहे: मे महिन्यातल्या दार्जिलिंगची विमानाची तिकिटं आत्ताच काढू की थांबू?
मंडळी, मेमध्ये दार्जिलिंग-गंगटोकचा बेत आहे. पुणे ते बागडोगरा. आम्ही दोघं, सासू-सासरे, सातवीतली लेक आणि धाकटा. परीक्षेचं वेळापत्रक अजून हातात नाही म्हणून थांबलोय, पण रोज रात्री ओटा आवरला की फोनवर भाडं बघायचा चाळाच लागलाय मला.

काल एकासाठी ७,४०० दिसले, पाच जण टाकल्यावर माणशी ८,६००! स्वस्तातल्या दोन-तीनच जागा उरल्या की सगळ्यांनाच वरचा दर लागतो म्हणे. मग तीन आणि दोन अशी वेगवेगळी काढावीत का? वेळ बदलली आणि सासूबाई वेगळ्या विमानात गेल्या तर वर्षभर ऐकावं लागेल.

त्यात धाकटा १४ मेला दोन वर्षांचा होतोय. म्हणजे जाताना मांडीवर, येताना पूर्ण सीट. ह्यांचं म्हणणं, तेराला परत येऊ. पण शाळाच दहाला सुटली तर?

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि सासऱ्यांचे गुडघे बघता तो प्रवास नकोच.

मेमध्ये सहकुटुंब गेलेल्यांनी किती आधी काढली होती? तारीख बदलायला किती भुर्दंड पडला?