मदत हवी आहे: सबटाइपिंग आणि टाइप इन्फरन्स यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. ऑब्जेक्ट आणि फंक्शन या दोहोंना समान स्थान देणारी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा मी तयार करत असून तिच्या टाइप सिस्टिमपाशी (कोणती किंमत कुठे चालेल हे ठरवणाऱ्या नियमांपाशी) काम अडले आहे. सबटाइपिंग (एका टाइपच्या जागी त्याचा अधिक विशिष्ट टाइप चालणे) आणि टाइप इन्फरन्स (न लिहिलेले टाइप कंपायलरने स्वतः ओळखणे) ही दोन्ही मला तिच्यात हवी आहेत.

स्काला या भाषेने सबटाइपिंग स्वीकारल्यामुळे तेथे फंक्शनच्या पॅरामीटरचे टाइप बहुधा स्वतः लिहावे लागतात. उलट १९९६ साली आलेल्या ऑब्जेक्टिव्ह कॅमल (आताचे ओकॅमल) या भाषेत रो पॉलिमॉर्फिझम असल्याने, 'क्षेत्रफळ' ही मेथड वापरणारे फंक्शन लिहिले की ती मेथड असलेला कोणताही ऑब्जेक्ट त्याला चालेल, हे कंपायलर आपणहून ओळखतो. मला हीच सोय हवी आहे. मात्र वर्तुळ आणि चौरस एकाच लिस्टमध्ये ठेवायचे असतील आणि चौरसाला 'बाजू' ही जादा मेथड असेल, तर चौरसाचे सामाईक टाइपमध्ये रूपांतर स्पष्टपणे लिहावे लागते, आणि नवशिक्यांना ते जाचक होईल असे मला मनापासून वाटते.

हे रूपांतर कंपायलरवरच सोपवून पाहिले, तेव्हा तीन ओळींच्या फंक्शनचा टाइप, कोणता टाइप कोणाचा सबटाइप हे सांगणाऱ्या अटींच्या गर्दीने पानभर लांबला.

२०१७ साली मांडलेली एमएलसबची (सबटाइपिंग असूनही टाइप आपोआप ओळखण्याची) पद्धत आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष कंपायलरमध्ये वापरली आहे का? तसेच फील्डची किंमत बदलता येणारे ऑब्जेक्ट आले, की तेथील इनव्हेरिअन्स (अशा फील्डच्या टाइपच्या जागी त्याचा सबटाइपही न चालणे) आपण कसा हाताळला, हेही कृपया सविस्तर सांगावे.