बाईंना ग्रुपमधून काढल्यावर

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांना कळवण्यात येते की बी-३०१ च्या बाईंना आज सकाळी ग्रुपमधून काढलेले आहे. हळदीकुंकवाच्या विषयावरून वातावरण खराब होत होतं, दोन-तीन जणांनी मला पर्सनलवर तक्रार पण केली. हा ग्रुप पाण्याची वेळ, मेंटेनन्स, लिफ्ट ह्यासाठी आहे. सहकार्य करावे.

ताई (बी-१०४): साहेब राग मानू नका पण हे बरोबर नाही झालं. बाईंनी कुणाला शिवी दिली नाही की कुणाच्या घरातलं काढलं नाही. गच्चीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू सगळ्यांच्या वर्गणीतून होतं, त्यात सी-३०४ च्या वहिनींची पण वर्गणी आहे, मग त्यांना बोलावणं का नाही, मिस्टर गेले म्हणून का, एवढंच विचारलं त्यांनी. ह्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, सरळ माणूसच काढून टाकलं.

काकू (ए-२०३): विचारायची एक पद्धत असते ग. मला फोन करायचा, घरी यायचं, मी काय परकी आहे का. सगळ्या सोसायटीसमोर लिहिलं की शिकलेल्या बायका असून डोकं गहाण टाकलंय. एवढी वर्षं मी वाण आणण्यापासून तिळगूळ वळण्यापर्यंत सगळं करते, ते कधी दिसलं नाही बाईंना. आणि वहिनींना नाही बोलावलं ते त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, वाईट हेतू नव्हता माझा.

भाऊ (सी-२०१): काकूंचा मुद्दा मला पटतो. हल्ली कोणीही उठतो मोबाईल समोर धरतो आणि वाट्टेल तसं बोलतो, मग खाली लोक लिहितात की वा काय परखड माणूस आहे. कडू बोलला म्हणजे खरंच बोलला असं कुठे असतं. बाई तशा नाहीत मला माहितीये, मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय, पण ह्या स्पष्टवक्तेपणाचं जरा जास्तच कौतुक चाललंय सगळीकडे.

अण्णा (ए-३०२): मी दापोलीजवळच्या मुरूडचा म्हणून थोडं सांगतो. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं आणि मग बायकोला घेऊन मुरूडला आले तेव्हा गावाने सभा घेऊन बहिष्कार घातला त्यांच्यावर. नुसता त्यांच्यावर नाही, आई-भावंडांनी घरात घेतलं तर त्यांच्यावर पण. ती सभा भरवणारी माणसं दुष्ट होती असं मला वाटत नाही, आपल्यासारखीच वर्गणी काढून उत्सव करणारी, अडीनडीला एकमेकांच्या दारात जाणारी असणार. १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. मधली पासष्ट वर्षं ज्याची त्याने सोसली. आज दापोलीत कोणालाही विचारा, महर्षी आमचे म्हणून छाती फुगवून सांगेल.

ताई (बी-१०४): अण्णा तुम्ही वडलांचं सांगितलंत, मला मुलाचं सांगायचंय. र. धों. कर्वे पण मुरूडलाच जन्मलेले, १८८२ चे. मी आरोग्य खात्यात नोकरी केली, वाडीवाडीवर जाऊन पाळणा लांबवण्याबद्दल बोलायचं काम होतं, कॉपर टी, गोळ्या, निरोध. आम्हाला त्याचा सरकार पगार देत होतं तरी लोकं दार लावून घ्यायची, म्हणून मला ह्या माणसाचं फार वाटतं. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२५ मध्ये ह्याच कामापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. मग १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक, ते मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी हरले आणि दोनशे रुपये दंड बसला. दोनशे रुपये तेव्हा म्हणजे काय ते अण्णांना विचारा. आणि १९५२ मध्ये सरकारने देशभर कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, १९५३ च्या ऑक्टोबरात हे गेले. म्हणजे ज्याच्यासाठी लोकांनी ह्यांना चावट, अश्लील काय काय म्हटलं तेच पुढे सरकारने दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलं आणि आमच्यासारख्या शेकडो बायकांना ते सांगायला नोकरीला ठेवलं. मला राग कशाचा येतो सांगू, तेव्हा पण कोणी म्हणत नव्हतं की बाळंतपणात बायका मरत नाहीत. मरत होत्या हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणायचे काय तर बोलायची ही पद्धत नाही, असं उघड्यावर लिहितात का. पद्धतीवर बोललं की मुद्द्यावर बोलावं लागत नाही. काकू तुमच्यावर नाही हे, आपण सगळेच करतो, दवाखान्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये पण हेच चालायचं.

भाऊ (सी-२०१): पण ताई र. धों. चं सगळं बरोबर होतं असं पण नाही ना. नग्नतेचा वगैरे पुरस्कार करायचे ते.

ताई (बी-१०४): करायचे. मला ते नाही पटत. मी कुठे म्हटलं की परखड माणसाचं सगळं मान्य करा. त्याचं एक वाक्य पटलं नाही म्हणून दुसरं ऐकायचंच नाही हे चूक आहे एवढंच म्हणतेय. आणि तू म्हणालास ना की कॅमेऱ्यासमोर बोलणारे सगळेच परखड म्हणवतात, तर मी एक बघते, बोलल्यामुळे त्याचं काही जातंय का मिळतंय. र. धों. ची नोकरी गेली. दुसरं म्हणजे स्वतःच्या माणसांना बोलतो का. लांबच्या कुणाला शिव्या घालायला काही लागत नाही, आपल्याच जातीला, आपल्याच पक्षाला, आपल्याच बिल्डिंगला बोलून दाखवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच लिफ्टमधून जायचं हे अवघड आहे. बाई स्वतःच्या नावाने लिहितात, आज सकाळी दूध आणायला खाली आल्या तर तीन जणींनी तोंड फिरवलं, मी बघितलंय.

सर (ए-४०१): मी महाडचा, म्हणून मला ठरावांचं आठवतं. चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी खरंच पाणी घेतलं तेव्हा मारहाण झाली, तळ्याचं पंचगव्याने शुद्धीकरण केलं, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव रद्द करून टाकला. पुढे हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठराव चालतो, तो खरा करायला आलेला माणूस चालत नाही. आणि विधवांच्या बाबतीत २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ह्या प्रथा बंद करायचा ठराव केला, सरकारने लगेच परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. आपल्याच ग्रुपवर ती बातमी फिरली होती, सगळ्यांनी अंगठे दिले होते.

अण्णा (ए-३०२): बरोबर. आगरकरांची तर पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. ती काढणाऱ्यांतल्या एकाचं तरी नाव आज कुणाला माहीत आहे का.

भाऊ (सी-२०१): मान्य, पण प्रत्येक गोष्ट आगरकरांपर्यंत कशाला न्यायची, ग्रुपमधूनच काढलंय ना, बाकी काय केलं.

सर (ए-४०१): बाकी करणारे पण आहेत. फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात रिफायनरीच्या प्रकरणावर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिशे, त्यांना गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले ते, पोलिसांनी खुनाचा गुन्हा लावला. रिफायनरी हवी की नको ह्यावर आपल्या घराघरात दोन मतं आहेत, माझ्या आणि माझ्या भावाच्या पण. पण तेव्हा दोन्हीकडचे किती जण म्हणाले की त्याला कशाला नको तिथे नाक खुपसायला पाहिजे होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. आपल्या ग्रुपची त्याच्याशी बरोबरी नाही करत मी, कुठे तो आणि कुठे हे. पण बोलणाऱ्याचंच काहीतरी चुकलं असणार हे आधी मनात येतं ना, ती सवय अशाच लहान ठिकाणी लागते.

काकू (ए-२०३): सर, हे जरा जास्त होतंय. मी हळदीकुंकू करते, कुणाचा जीव नाही घेत.

सर (ए-४०१): काकू, तुम्हाला नव्हतं म्हणायचं मला. उदाहरण जड झालं, खरं आहे.

वहिनी (सी-३०४): मी कालपासून वाचतेय. सगळे माझ्याबद्दल बोलतायत आणि मला कुणी काही विचारलं नाही, म्हणून लिहिते. बाईंनी लिहायच्या आधी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं, तेव्हा त्यांना काढलंत तर मला पण काढा. मला कुणाची दया नको. बोलावलं असतं तर मी आले असते की नसते मलाच माहीत नाही, कदाचित नसते आले, पण ते मी ठरवायचं होतं. काकू, मला अवघडल्यासारखं होईल हे तुम्ही मला न विचारताच ठरवलंत. मेमध्ये टँकरचे जादा पैसे गोळा केले तेव्हा माझ्या दारात आलात ना, तेव्हा नाही अवघडल्यासारखं वाटलं कुणाला. बाईंची जीभ तिखट आहे हे शाळेपासून माहीत आहे सगळ्यांना. पण हे गेल्यानंतर ह्या बिल्डिंगमधल्या एवढ्या गोड बोलणाऱ्या माणसांत हे विचारणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

ताई (बी-१०४): वहिनी, मी पण नव्हतं विचारलं. गेल्या वर्षी मी त्याच हळदीकुंकवाला जाऊन आले.

काकू (ए-२०३): वहिनी, मी संध्याकाळी तुमच्याकडे येते, फोनवर नको. रथसप्तमीला अजून वेळ आहे. आणि सेक्रेटरी, बाईंची भाषा मला अजूनही आवडलेली नाही, डोकं गहाण वगैरे, ते मी त्यांना ऐकवणार आहे सगळ्यांसमोर, जसं त्यांनी मला ऐकवलं. पण त्यासाठी त्या इथे पाहिजेत ना. घ्या परत.

सेक्रेटरी (ए-१०१): घेतो. मला वाद मिटवायचा होता, बाकी काही नाही.

ताई (बी-१०४): साहेब, पुढच्या सभेच्या अजेंड्यावर एक विषय घ्या, कुणाला ग्रुपमधून काढायचं झालं तर ते कोण ठरवणार आणि कशावरून. लेखी. तक्रार करणाऱ्याने पण पर्सनलवर न करता नाव देऊन करायची.

सेक्रेटरी (ए-१०१): विषय क्रमांक सात म्हणून टाकतो. बाईंना अ‍ॅड केलेलं आहे.