तेराव्या फेरीचा हिशेब : कोणत्या काळातला हेवीवेट थोर?

होटगी रोडकर (धागाकर्ता)

परवा संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी आम्हा चौघांत जो वाद पेटला तो घरी पोहोचेपर्यंत मिटला नाही, म्हणून येथे मांडतो. जो लुई, रॉकी मार्सियानो, मुहम्मद अली आणि आजचा ओलेक्सांद्र उसिक या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटातल्या, मुष्टियोद्ध्यांना एकाच तराजूत घालता येते काय? माझ्या मते येते, मात्र त्यांच्या काल्पनिक लढती लावून नव्हे. तो प्रयोग १९६९ साली होऊन गेला आहे. मार्सियानो आणि अली यांना कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीचे लढवले गेले आणि निकाल संगणकाकडून काढला गेला. अमेरिकेत दाखवलेल्या फितीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला, तर युरोपात दाखवलेल्या फितीत अली जिंकला. प्रेक्षक बदलताच ज्याचा निकाल बदलतो, त्याला तुलना कसे म्हणावे?

माझा मापदंड फेऱ्यांचा आहे. विजेतेपदाची लढत पूर्वी १५ फेऱ्यांची असे. १९८२ च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियाचा किम दुक-कू हा लाइटवेट मुष्टियोद्धा लढतीत झालेल्या दुखापतीने मरण पावला आणि त्यानंतर काही वर्षांत सर्व प्रमुख संघटनांनी फेऱ्या १२ वर आणल्या. तो निर्णय योग्यच होता. पण जुन्यांना काय सोसावे लागे, याचा आपल्याला त्यामुळे विसर पडला. १८ जून १९४१ रोजी बिली कॉनविरुद्ध १२ फेऱ्या संपल्या तेव्हा एकाही परीक्षकाच्या हिशेबात लुई पुढे नव्हता, आणि तेराव्या फेरीत त्याने कॉनला आडवा केला. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जो वॉलकॉट गुणांत स्पष्ट पुढे असताना मार्सियानोच्या एका उजव्या ठोशाने लढत संपली, तीही तेराव्याच फेरीत. आजच्या नियमाने हे दोघेही त्या रात्री विजेते म्हणून घरी गेले नसते. जी ताकद बाराव्या फेरीनंतर उरते तीच खरी, असे मी मानतो, आणि म्हणून १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा विजेतेपद राखणाऱ्या लुईला पहिला क्रमांक देतो.

तालमीतला

आदर राखून सांगतो, आपला हिशेब उलटा आहे. १५ फेऱ्यांची लढत कापून तिच्या १२ करता येत नाहीत, कारण शेवट कुठे आहे हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या फेरीपासूनच वेगळा लढतो. कॉन पुढे होता आणि नुसता लांब राहिला असता तरी जिंकला असता, पण लुईला झोपवण्याच्या मोहाने तो समोरासमोर ठोसेबाजीला उतरला. त्याच्या पराभवात लुईच्या दमाइतकाच त्याच्या स्वतःच्या हव्यासाचा वाटा होता. निकाली कुस्ती पाहून वाढलेले आमचे आजोबाही मॅटवरच्या सहा मिनिटांना हसत असत. तथापि सहा मिनिटांत गुण मिळवायचे तर पहिल्या क्षणापासून झोंबावे लागते आणि मातीवर तासभर अंदाज घेत फिरणाऱ्याला ते जमेलच असे नाही. दम हा एक गुण झाला. वेग हा दुसरा, आणि तो आपल्या तराजूत कुठेच दिसत नाही.

यंत्रमाग

फेऱ्या राहू द्या, आधी वजन पाहा. मार्सियानो ८५ किलोच्या आसपास लढत असे. आज हेवीवेटखालच्या क्रूझरवेट गटाची मर्यादा सुमारे ९०.७ किलो आहे, म्हणजे हा ४९ लढतींत अपराजित राहिलेला विजेता आज हेवीवेटमध्ये मोडलाच नसता. त्याच्या ४९ विजयांकडेही जरा बारकाईने पाहावे. १९५१ मध्ये त्याने हरवलेला लुई ३७ वर्षांचा होता, पुढच्या वर्षीचा वॉलकॉट ३८ वर्षांचा. आमच्या धंद्यात हातमागाची चादर आणि यंत्रमागाची चादर एकाच भावात कोणी मागत नाही. हातमागाची कमी दर्जाची असते असे नव्हे, तिचे मोजमापच निराळे असते.

होटगी रोडकर

वजनाचा मुद्दा उसिकनेच खोडून काढला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला टायसन फ्युरी सुमारे १२७ किलोचा होता आणि उसिक १०३ किलोच्या आतबाहेर, तरीही बारा फेऱ्यांनंतर गुणांवर उसिक जिंकला. वजनाने सारे ठरत असते तर तराजू पाहूनच पट्टा देऊन टाकला असता. मार्सियानोच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वयाबद्दल मात्र आपले म्हणणे मान्य आहे. ४९-० हा आकडा दिसतो तितका भरीव नाही.

यंत्रमाग

उसिक १०३ किलोचा आहे, ८५ चा नव्हे. १८ किलोंचा फरक आपण सोयीस्करपणे गिळलात.

पार्क चौक

दोन काळांची गाठ प्रत्यक्ष पडल्याचे एक उदाहरण उपलब्ध असताना आपण संगणकाच्या गोष्टी का करतो, हे कळत नाही. जॉर्ज फोरमन १९७४ साली किन्शासात आठव्या फेरीत अलीच्या हातून हरला. तोच फोरमन २० वर्षांनी, नोव्हेंबर १९९४ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवून पुन्हा विजेता झाला. मूररने त्याच वर्षी तेव्हाच्या विजेत्या इव्हँडर होलिफिल्डला हरवले होते. लॅरी होम्सनेही वयाच्या ४२ व्या वर्षी त्याच होलिफिल्डपुढे पूर्ण १२ फेऱ्या काढल्या. सत्तरच्या दशकातले हे गडी उतारवयात नव्वदच्या दशकातल्या विजेत्यांना पुरून उरत असतील, तर ऐन भरातला अली कोणत्याही काळात उभा राहिला असता, असे अनुमान मी काढतो. अलीने लिस्टन, फ्रेझर आणि फोरमन या तिघांनाही हरवले. एवढ्या तोलामोलाचे प्रतिस्पर्धी लुईच्या वाट्याला आले नाहीत.

तालमीतला

उदाहरण उत्तम, अनुमान थोडे घाईचे. मूरर हा मुळात लाइट हेवीवेट या हलक्या गटातून वर आलेला गडी होता आणि दहाव्या फेरीपर्यंत फोरमन गुणांत मागेच होता. म्हातारपणी पाय जातात, ठोसा शेवटपर्यंत राहतो. त्या लढतीतून ठोशाचे आयुष्य कळते, सगळ्या सत्तरच्या दशकाचे नव्हे. आणि अलीची भिस्त तर पायांवरच होती.

जुनी मिल

आतापर्यंतची सर्व चर्चा अशी चालली आहे की जणू जुन्या याद्यांत त्या त्या काळचे सर्वोत्तम मुष्टियोद्धे आपोआप आले. जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता. १९१५ साली हवानात त्याचे विजेतेपद गेले आणि त्यानंतर १९३७ साली लुई जिंकेपर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, एकाही कृष्णवर्णीयाला त्या विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. जॅक डेम्प्सी १९१९ ते १९२६ विजेता होता, आणि या काळात कृष्णवर्णीय हॅरी विल्स वर्षानुवर्षे आव्हान देत राहिला, पण ती लढत झालीच नाही. खुद्द जॉन्सननेही विजेता झाल्यावर कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला संधी दिली नाही. तेव्हा डेम्प्सीला पाचवा ठेवायचा की सातवा, यावर आपण कितीही शाई खर्च केली तरी त्याचा सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी हिशेबाबाहेरच राहतो. माझ्या मते १९३७ पूर्वीच्या कोणत्याही विजेत्याला क्रमांक देऊच नये.

होटगी रोडकर

हे मी विचारात घेतले नव्हते आणि त्याने माझी बाजू बळकट होते, असेही प्रामाणिकपणे सांगतो, कारण दार उघडले ते लुईसाठी आणि पुढे त्याने ते इतरांसाठी उघडे ठेवले. तेराव्या फेरीचा माझा युक्तिवाद तालमीतल्यांनी पुरता पोखरला आहे. मार्सियानोपुरता तो मी मागे घेतो. लुईचा पहिला क्रमांक मात्र कायम.

पार्क चौक

लुईने सलग दर महिन्याला एक लढत घेतली तेव्हा अमेरिकी वृत्तपत्रांनी त्या प्रतिस्पर्ध्यांची काय थट्टा केली होती, ते एकदा वाचा. त्या २५ मधून तसे किती वजा करणार, एवढे सांगा, मग पहिल्या क्रमांकाचे पाहू.