मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २: पीएस४ साठी आता घ्यावा का? मदत हवी आहे

मंडळी, धाकट्या भावाच्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) साठी मार्व्हल-कॅपकॉमच्या मारामारीच्या गेम्सचा २०२४ सालचा संग्रह घ्यायचा विचार चाललाय. त्यात सात गेम आहेत, पण खरं सांगायचं तर माझा जीव अडकलाय एकाच गेममध्ये: २००० सालचा दुसरा भाग, मार्व्हलचे सुपरहिरो विरुद्ध कॅपकॉम कंपनीच्या गेममधली पात्रं.

कॉलेजात मित्राच्या पीएस२ वर खेळायचो. छप्पन्न पात्रं, तिघांची टीम, आणि बाहेर थांबलेला गडी मध्येच उडी मारून दणका देऊन जातो! पण तेव्हाही एक गोष्ट खटकायची. मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल, केबल या चौघांपुढे बाकीचे बरेचसे नुसते शोभेला. संगीत जॅझचं. मला आवडतं, भाऊ म्हणतो लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं.

खरी अडचण पॅडची, म्हणजे हातातल्या कंट्रोलरची. चार बटणं ठोसे-लाथांची, दोन साथीदारांना बोलवायची. त्यात खास हल्ल्यासाठी खालून पुढे पाव वर्तुळ फिरवताना दहा मिनिटांत डाव्या अंगठ्याची साल निघते. तुम्ही पॅडवरच खेळता, की आर्केड स्टिक (गेम पार्लरसारखा दांडा आणि मोठी बटणं असलेला कंट्रोलर) घेतलीत?

एका बटणात खास हल्ला करायची सोय आहे म्हणे. भावाला बरी पडेल, पण मग माझ्या अंगठ्याच्या तपश्चर्येचं काय?

ऑनलाइनला रोलबॅक (नेट थोडं मागे पडलं तरी खेळ अडखळू नये म्हणून असलेली सोय) आहे हे माहितीये. पण आपल्याकडून रात्री दहानंतर समोर कोणी भेटतं का? की दोघा भावांनीच एकमेकांना बडवत बसायचं?

ज्यांनी घेतलाय त्यांनी सांगा, महिनाभरानंतरही लावता का?