ज्यू समर कॅम्पमधलं काम
ज्यू समर कॅम्पमध्ये काम करताना ज्यू नसलेल्याला परकं वाटतं का, असं विचारतात. मला तरी कधीच वाटलं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या अशा एका कॅम्पच्या स्वयंपाकघरात मी उन्हाळाभर होतो. ज्यू आहारनियमांप्रमाणे मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. आजीचं सोवळं पाहिलेलं, त्यामुळे ते पटकन अंगवळणी पडलं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला की सगळे पांढऱ्या कपड्यांत जेवायला यायचे, आणि मग टेबलं बडवत किती वेळ गाणी! शनिवारी रात्री हव्दाला, म्हणजे शब्बाथ संपतानाचा विधी: पीळ घातलेली मेणबत्ती, मसाल्यांचा वास, एलियाहू पैगंबराचं गाणं. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यूही, मलिदा या नैवेद्याच्या विधीवेळी याच एलियाहूला आळवतात, हे सांगितल्यावर मुलं मला सोडेचनात. अलिबाग कुठे, मलिदा गोड असतो का, त्यात काय घालतात! पोहे, गूळ, खोबरं सांगून झालं, तर करूनच दाखव म्हणाली.