मदत हवी आहे: घनमीटर, किलोलिटर आणि लिटर यांचा मेळ

नमस्कार. मुलुंडमधील आमच्या सोसायटीत पाण्याची नोंदवही नव्याने लावण्याचे काम कमिटीने माझ्याकडे दिले आहे. उन्हाळ्यात टँकरच्या खर्चावरून वाद होतात, म्हणून हिशेब चोख असावा असे मला मनापासून वाटते.

तळाची टाकी आतून 3 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल, म्हणजे 15 घनमीटरची आहे. टँकर 10,000 लिटरचा येतो, पाणीपट्टीचा दर हजार लिटरमागे असतो आणि आमच्या मीटरवर काळे आकडे घनमीटर, तर लाल आकडे त्यापुढचे लिटर दाखवतात. 1 घनमीटर म्हणजे 1 किलोलिटर, म्हणजेच 1,000 लिटर, असे धरून मी सर्व नोंदी लिटरमध्ये आणल्या आहेत. परंतु आमच्याकडील एका निवृत्त विज्ञान शिक्षकांनी जपून ठेवलेल्या पाठ्यपुस्तकात 1 लिटर म्हणजे 1000.028 घन सेंटिमीटर असे स्पष्ट छापलेले आहे. मग नेमके काय धरावे? शिवाय, वॉचमनने टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली ते पाहावे आणि थेट लिटर सांगावेत, यासाठी काठीवर खुणा कशा कराव्यात?

प्रतिसाद:

आपला हिशेब बरोबर आहे आणि ते पुस्तकही त्याच्या काळापुरते बरोबरच होते. 1901 साली लिटरची व्याख्या 1 किलोग्रॅम शुद्ध पाणी कमाल घनतेला आणि प्रमाण वातावरणीय दाबाखाली जितकी जागा व्यापते तितके आकारमान, अशी ठरली होती आणि ते 1,000 घन सेंटिमीटरपेक्षा किंचित जास्त भरत असे. 1964 मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही व्याख्या रद्द केली. तेव्हापासून 1 लिटर म्हणजे तंतोतंत 1,000 घन सेंटिमीटर. जुन्या मापाने मोजले तरी आपल्या भरलेल्या टाकीत जेमतेम 420 मिलिलिटरचा फरक पडेल.

काठीचे काम सोपे आहे. टाकीचा तळ 7.5 चौरस मीटर असल्याने पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर 75 लिटरचा होतो, तेव्हा दर 10 सेंटिमीटरवर खूण करून 750, 1,500, 2,250 असे आकडे ऑइलपेंटने लिहावेत. मात्र पंपाचा फूटव्हॉल्व्ह तळापासून किती उंचीवर आहे ते आधी मोजून घ्या, कारण तो 20 सेंटिमीटर वर असेल तर खालचे 1,500 लिटर पाणी काठीवर दिसेल, पण पंपाला ओढता येणार नाही.