$? मध्ये कायम 0 च का येतोय?

प्रश्न: बॅश (लिनक्समधला कमांड चालवणारा शेल) स्क्रिप्टमध्ये बॅकअपची कमांड फेल होतेय हे स्क्रीनवर दिसतंय, तिच्याखाली एक एको (echo, मजकूर छापणारी कमांड) टाकलाय आणि मग इफमध्ये $? तपासतोय तर दरवेळी 0 च, डोकं फिरलंय राव

उत्तर १: अरे तो 0 एकोचा आहे! $? मध्ये फक्त शेवटच्या कमांडचा निकाल राहतो, 0 म्हणजे ती नीट चालली. बॅकअपच्या लगेच खालच्या ओळीत तो स्वतःच्या व्हेरिएबलमध्ये साठव, मग काय छापायचं ते छाप.

उत्तर २: पाइप (| ने एकीचं आउटपुट पुढच्या कमांडला देणं) असेल तर अजून गंमत, मधली कमांड मेली तरी $? शेवटच्या कमांडचाच. तिथे पाइपस्टेटस (PIPESTATUS) हा ॲरे बघ, त्यात प्रत्येक कमांडचा निकाल असतो, तोही लगेच वाच नाहीतर बदलतो.

प्रश्नकर्ता: साठवल्यावर 127 आला??

उत्तर १: कमांडच सापडत नाहीये. स्पेलिंग नाहीतर पाथ बघ 😄